बाबांची कानटोपी

कपाट आवरताना आज बाबांची तपकिरी कानटोपी सापडली. तिला अजून पाइनचा वास येतोय, की मलाच तसं वाटतंय, कोण जाणे.

बाबा माझ्याकडे नेदरलँड्सला आले होते, तेव्हाची गोष्ट. आर्नहेमजवळच्या पाइनच्या जंगलात ऑफिसच्या डच मंडळींबरोबर पाच किलोमीटरची सोपी वाट चालायची होती. पुण्यात रोज पर्वती चढणारे बाबा कानटोपी घालून, धपाट्यांचा डबा घेऊन हौसेनं आलेले. मला त्यांची लाज वाटली. "यांचे गुडघे दुखतात," मी सगळ्यांना इंग्रजीत सांगून टाकलं. "बाबा, तुम्ही इथेच बाकावर बसा."

"बरं. धपाटे तुम्ही आल्यावर खाऊ."

दोन तासांनी परतलो. बाबांचं डोकं उघडं, कानटोपी घडी करून खिशात, मांडीवर न उघडलेला डबा.

गाडीपर्यंत ते सगळ्यांदेखत लंगडत आले. माझं खोटं त्यांना कळलं होतं, आणि ते निभावून नेत होते.