मास्तरांची ट्रायल

चौकातल्या टेलर मास्तरांना वाचनालयाच्या निवड समितीवर घेतलं ते केवळ 'परिसरातला एक नागरिक' ही जागा रिकामी होती म्हणून. विद्यार्थ्यांनी वस्तीसाठी एखादं काम सुचवायचं, समितीने प्रस्तावांना गुण द्यायचे आणि त्यावर निधी ठरायचा, असा तो मामला. अध्यक्ष ग्रंथपालबाई, तिसरे एक प्राध्यापक. प्राध्यापक घरी बसून गुण देत. मास्तर गळ्यात टेप अडकवून थेट जागेवर जात आणि मापं घेत. झाडं लावण्याच्या प्रस्तावात त्यांनी खड्डेसुद्धा मोजले होते.

"झाडांना पँट शिवताय का मास्तर?" प्राध्यापकांनी विचारलं होतं.

यंदा निधी एकच उरला आणि प्रस्ताव दोन. कॉलेजच्या मुलांचा चाळीस पानी, रंगीत तक्त्यांचा, स्वच्छतेच्या जनजागृतीचा. शाळेतल्या चार मुलींचा दोन पानी, दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधण्याचा. तो वाचताच मास्तरांनी मनातल्या मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले. कारण घरातच होतं. दोन वर्षांपूर्वी बायकोचे पाय गेले. दर मंगळवारी व्यायामासाठी तिला खुर्चीसकट तीन पायऱ्या चौघांनी उचलून न्यायचं. "मी काय कपाट आहे?" म्हणत तिने महिन्याभरापासून दवाखानाच सोडला होता. मास्तरांनी हातापाया पडून पाहिलं, पण बाई ढिम्म.

तरी सवय ती सवय. मास्तर टेप घेऊन गेले आणि हिरमुसले. तिन्ही पायऱ्यांची मिळून उंची अठरा इंच आणि मुलींनी उतार धरलेला सहा फूट लांब. मोठ्या हॉस्पिटलातला उतार त्यांनी पूर्वी मोजला होता. तिथे इंचाला फूट होता. हा म्हणजे घसरगुंडीच!

"गुण दिले तर तू पडशील, नाही दिले तर घरात बसशील," ते बायकोला म्हणाले. "इकडे आड, तिकडे विहीर!"

"अहो, तुमचा पहिल्या फटक्यात बसलेला एक ब्लाउज दाखवा मला," ती म्हणाली. "बायका ट्रायलला यायच्याच ना? मग पोरींनाही बोलवा की."

बैठकीत मास्तर उभे राहिले. "उतार झाला तर माझ्याच घरची सोय आहे. तेव्हा माझे गुण धरू नका. पण पोरींना एक ट्रायल द्या."

"नियमात ट्रायल नाही," प्राध्यापक म्हणाले.

"मनाईही नाही," म्हणत ग्रंथपालबाईंनी नियमांची वही मिटली.

दवाखान्यात मुलींनी सहा फुटी फळी आणली. बायकोने खुर्ची तेवढी पाठवली होती, स्वतः आली नव्हती. बसणार कोण? सगळ्यांनी प्राध्यापकांकडे पाहिलं. चौघींनी जोर लावला, तोंडं लाल झाली, अर्ध्यावरून खुर्ची मागे आली आणि सर भेदरून ओरडले. मुलींचे डोळे भरले. मग सर्वांत लहान होती ती भिंतीकडे बोट दाखवत म्हणाली, "मास्तरकाका, उतार इथून लांबून आणून वळवला तर?"

मास्तरांनी टेप टाकली. वळणासकट अठरा फूट अगदी आरामात बसत होते! मग काय, सगळे भिंतीकडे धावले.

प्राध्यापक मात्र खालीच राहिले. "मला कोणी वर घेणार का?" त्यांनी दोनदा विचारलं. कोणी ऐकलं नाही. उठून चालत जावं, तर ग्रंथपालबाईंनी 'ट्रायल संपेपर्यंत उठायचं नाही' असं बजावलेलं. ते बराच वेळ त्या तीन पायऱ्यांकडे बघत बसले. शेवटी त्यांनी गुणपत्रक मागवलं आणि खुर्चीतच मांडीवर ठेवून मुलींचे गुण भरले.

उतार झाला. पहिल्या मंगळवारी मास्तर सवयीने खुर्ची ढकलायला वाकले.

"हात काढा," बायको म्हणाली.

तिने स्वतः चाकं फिरवली, वळणावर दम खाल्ला आणि मागे न बघता आत गेली. मास्तरांना इतका आनंद झाला की रडू आवरेना. खाली उभ्या चार मुली त्यांना म्हणाल्या, "काका, आता तुम्हीही वर जा ना."