निळे हात रिपोर्टमधून काढणार नाही!

मंडळी, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आज कॉलेजच्या हेल्थ क्लबबरोबर उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात हात धुवायच्या सात स्टेप्स शिकवायला गेले होते.

धागे कापणाऱ्या सुनीताताईंनी सातही स्टेप्स मन लावून केल्या. हात निळेच!

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हा जीन्सचा रंग आहे, जात नाही. चपात्या पण याच हातांनी लाटते. पोटात जाऊन हा काय करतो, ते सांगा ना."

मला माहीतच नव्हतं.

निघताना सीनियर म्हणाला, "रिपोर्टला साफ हातांचा फोटो लाव."

मी निळ्या हातांचाच लावला. खाली ताईंचा प्रश्न लिहिला. रिपोर्टवर मिळणारं क्लबचं सर्टिफिकेट गेलं खड्ड्यात!

मी अजून डॉक्टर नाही, तरी त्यांनी डॉक्टर म्हटलं ते मी खोडून काढलं नाही. आता उत्तर शोधून रविवारी परत जाणार. कोण येतंय?