मास्तरांनी गाडीचं तोंड शिवलं

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला. दुकान बंद केलं तरी गळ्यातली टेप काही उतरली नाही. भाजी आणायला निघाले तरी ती गळ्यातच. माणूस सरळ, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली. गिऱ्हाईक खुशीत कोट घालून निघालेलं असायचं आणि हे त्याला दारातून परत बोलावत, "खांद्यात जरा ओढतोय, काढा बघू." गिऱ्हाईक नको नको म्हणेपर्यंत बाही उसवलेली असायची.

बायको दुकानात काजं-बटणं करायची, हातशिलाई करायची. मग तिला काचबिंदू झाला. नजर आधी कडेकडेनं गेली, मग मधलीही गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की गेलेलं परत येत नाही आणि आता उरलेलंही काही नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं, घरी आल्या आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे स्वतःच्या हिशेबानं लावून मोकळ्या झाल्या. रडायचं ते कधी रडल्या कोण जाणे. मास्तरांना मात्र डॉक्टरांचं म्हणणं मुळीच पटलं नाही. कारण त्यांच्याकडे पुरावा होता.

पुरावा मिळायचा गाडीत. दर रविवारी दोघं त्यांच्या जुन्यापुराण्या गाडीतून बाईंच्या बहिणीकडे जात. बाई शेजारच्या सीटवर, पर्स मांडीवर. गाडी गल्लीतून बाहेर पडली की थोड्या वेळानं बाई सहज म्हणत, "शाळा आली." बघावं तर खरंच शाळा! "पूल लागला." पूल लागलेला असे. एकदा तर मास्तर बोलण्याच्या नादात सरळच निघाले, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, वळायचं होतं ना? पेट्रोल पंप गेला की मागं."

ज्या बाईला ताटाशेजारची वाटी चाचपडावी लागते, तिला पेट्रोल पंप कसा दिसला? मास्तर चक्रावले. मग त्यांनीच त्याचं उत्तर काढलं. घरात उजेड कमी, बाहेर लख्ख ऊन. उन्हात तिला काहीतरी दिसत असणार, सावली म्हणा, आकार म्हणा. डॉक्टर लोक अंधाऱ्या खोलीत बसवून तपासतात, त्यांना काय कपाळ कळणार!

आता कोणी म्हणेल, मग सरळ बायकोलाच का नाही विचारलं? तेवढंच तर जमत नव्हतं. प्रश्न ओठांवर यायचा आणि मास्तर तो गिळून टाकायचे. विचारलं आणि नाही म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. न विचारता त्यांनी मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मात्र घेतली. जेवढी नजर उरली आहे तेवढी तरी वाचवा, असं ते त्यांना सांगणार होते.

"पुन्हा कशाला हो?" बाई म्हणाल्या.

"एकदा दाखवून येऊ."

"बरं. तुमच्या समाधानासाठी येते."

शेजारी एक कंडक्टर राहायचे, निवृत्त झालेले, पण जिभेला निवृत्ती नव्हती. ते म्हणाले, "मास्तर, एवढ्या लांब वहिनींना या गाडीतून नेणार? ही गाडी आहे का भांड्यांचं कपाट? पोचेपर्यंत डोळ्यांबरोबर कानही तपासून घ्यावे लागतील."

झालं! मास्तरांच्या डोक्यात ते बसलं. बायकोचा प्रवास सुखाचा झाला पाहिजे, आणि तिला आधी सांगायचं नाही, एकदम गाडीत बसवायचं. रोज दुपारी बाई आडव्या झाल्या की हे दोघं गाडी घेऊन बाहेर पडत. कंडक्टर चालवायचे आणि मास्तर मागच्या सीटवर गुडघे टेकून, डोळे मिटून आवाज धरायचे.

आवाज धरणं म्हणजे साधं काम वाटलं होतं. ते काही खरं नव्हतं. आवाज यायचा डावीकडून आणि दडलेला असायचा उजवीकडे. डॅशबोर्डचा कप्पा दाबून धरला की खडखड थांबायची, म्हणून त्याच्या झाकणाला आतून लोकरी कापडाची पट्टी चिकटवली, तर दुसऱ्या दिवशी दाराचं पॅड बोलायला लागलं. पॅड उघडलं तर आतल्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटलेल्या. नव्या बसवल्या, खुंटीखुंटीला कापडाची चकती घातली. मग मागच्या काचेखालची फळी कुरकुरायला लागली. तिला कडेनं नमद्याची, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीची, गोट मारली, अगदी कॉलरला मारावी तशी. सीटबेल्टचं बक्कल दारामागच्या खांबावर टकटक करायचं, त्याला मऊ कापडाची पिशवी शिवली, वर इलॅस्टिक.

"मास्तर, आता एक झबलंही शिवा तिला," कंडक्टर म्हणाले.

"तुम्ही खड्ड्यातून घ्या हो जरा."

"खड्ड्यातच चाललोय. आवाजच येत नाही तर मी काय करू?"

काम संपलं तेव्हा मास्तरांच्या हातात एक स्क्रू उरला होता. तो कुठला हे दोघांनाही सांगता आलं नाही. पण गाडी अशी गप्प झाली होती की मास्तरांनी स्क्रूचा नाद सोडला आणि तो खिशात टाकला.

रविवार उजाडला. नेहमीसारखे दोघं बहिणीकडे निघाले. मास्तरांना आतून उकळ्या फुटत होत्या. आता ही म्हणेल, अय्या, गाडी किती छान चालतेय! पण बाई काहीच म्हणेनात. गल्ली संपली. शाळा आली आणि गेली. बाईंनी मान जराशी वळवली, पुन्हा सरळ केली. मास्तरांना वाटलं, लक्ष नसेल.

पुलावर गाडी आली तेव्हा बाई म्हणाल्या, "शाळा आली का?"

मास्तरांनी चमकून पाहिलं. "शाळा? शाळा तर केव्हाच गेली."

"हो का?" बाई म्हणाल्या आणि पर्स घट्ट धरून बसल्या.

पुढं एका गतिरोधकावरून गाडी गेली. "रेल्वेचं फाटक," बाई पुटपुटल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "नाही. नाही का?" त्यांचा एक हात दाराच्या कडेवर होता आणि दुसरा डॅशबोर्डवर काहीतरी शोधत होता. मागच्या रविवारपर्यंत पंप दिसत होता आणि आज शाळा दिसत नाही! म्हणजे जे उरलं होतं तेही गेलं, उद्या डॉक्टरांकडे जायचं आणि आज गेलं! मास्तरांनी गाडी कडेला घेतली. गाडी बंद करायला किल्ली सापडेना, ती तर समोर लावलेलीच होती.

"थांबलो का आपण?" बाईंनी विचारलं.

"अगं, समोर काय आहे? सांग बघू. नीट बघून सांग. ऊन आहे चांगलं."

"मला काय विचारता? तुम्ही सांगा ना."

"अगं पण गेल्या रविवारी तू..."

"अहो, आधी गाडीला काय झालंय ते सांगा. मी मघापासून कान टवकारून बसलेय. काय केलंत तिला? तोंड शिवल्यासारखी झालीये."

मास्तर गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "खडखडाट काढला. तुला त्रास नको म्हणून."

"सगळा?"

"सगळा."

"अरे देवा!" बाई म्हणाल्या आणि हसल्याच. "म्हणून मी आपली अधांतरी! अहो, कप्पा खडखडला की शाळेपुढचा उखडलेला रस्ता. बक्कल टकटकलं की पुलाचे सांधे. मागची फळी कुरकुरली की पंपाच्या आधीचा चढ. त्याच्यावरच तर मला कळायचं सगळं. धक्के नुसते काय, सगळे सारखेच."

आठवडाभर कापलेली एकेक पट्टी मास्तरांच्या डोळ्यांपुढून गेली.

"म्हणजे तुला..." ते म्हणाले. "उन्हात जरा..."

"काय जरा?"

"सावली वगैरे."

बाईंचं हसू थांबलं. त्या वळून त्यांच्या दिशेनं बसल्या, थोड्या चुकल्या, चेहरा त्यांच्या खांद्याकडे राहिला. "तुम्हाला काय वाटलं, मला दिसतंय?"

मास्तर गळ्यातली टेप बोटाला गुंडाळायला लागले.

"म्हणून तो उद्याचा डॉक्टर?"

मास्तरांनी टेप पुन्हा उलगडली.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हीही तेच ऐकता. एकाच गाडीत तर बसलो होतो."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मास्तर स्टिअरिंग धरून बसून राहिले. इतके दिवस एक आशा त्यांनी कोणाला न दाखवता जपली होती, आणि आज कळत होतं की ती एका सैल झाकणावर उभी होती. हसावं का रडावं, त्यांना समजत नव्हतं. बायकोची नजर गेली हे त्यांना दुसऱ्यांदा कळलं, आणि या वेळी खरं कळलं.

"अहो," बाई म्हणाल्या, "रडू नका."

"कोण रडतंय?"

"गाडीत आता दुसरा कसलाच आवाज नाही हो."

बाईंनी हात पुढं केला. तो आधी गिअरच्या दांड्यावर पडला, मग मास्तरांच्या मनगटावर. मास्तरांनी नाक ओढलं.

"उद्याचं डॉक्टरांना कळवून टाका, येत नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "आणि आता चला, बहीण वाट बघत असेल. पण कुठं आलो ते सांगत चला. मला अशी मुकाट्यानं नेऊ नका कुठं."

मास्तरांनी गाडी सुरू केली. इतकी वर्षं ते या रस्त्यानं जात होते. "डावीकडे," ते म्हणाले, "डावीकडे एक दुकान आहे."

"कसलं?"

मास्तरांना माहीत नव्हतं. त्यांनी गाडी हळू केली आणि मान वाकवून पाटी वाचायला लागले.