चौकटीची मोडकी रेषा

ऑफिसात तिला भिंगबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग नव्हता. चुका शोधण्याचाच तर पगार होता. एकोणीस वर्षं ती इतरांनी लिहिलेले प्रोग्राम डोळ्यांत तेल घालून तपासत आली होती. सध्या हातात होता तो जुन्या काळच्या टर्मिनलचं, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या नुसत्या पडद्याचं आणि कळफलकाचं, सोंग घेणारा प्रोग्राम. त्या टर्मिनलांकडे अक्षरांचे दोन संच असत, एक साधा आणि एक रेषांचा. संच बदलायची खूण पाठवली की क्यूच्या जागी आडवी रेघ उमटायची, एक्सच्या जागी उभी. अशा तुकड्यांची चौकट काढायची आणि परत अक्षरांवर यायचं. हे जाणंयेणं नीट होतंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

आणि चौकटीची रेषा मोडत होती. अधूनमधून, क्षणभर. मधेच काहीतरी किडमिड दिसायचं आणि ती चष्मा पुसेपर्यंत पडदा नव्याने रंगून रेषा सरळ झालेली असायची.

प्रोग्रामरने शंभरदा चौकट काढून पाहिली. "माझ्याकडे एकदम सरळ येतेय, मॅडम," तो म्हणाला, आणि मग जरा अदबीने, "चष्म्याचा नंबर कधी तपासला होता?"

भिंगबाईच्या आईचं असंच झालं होतं. आधी दाराची चौकट मधेच तुटलेली दिसायला लागली आणि दोन वर्षांत समोरचं माणूस आवाजावरून ओळखायची पाळी आली. भिंगबाईने आपली भीती फक्त थोरल्या बहिणीला सांगितली होती. एरवी दुसऱ्यांच्या चुका धडाधड सुनावणाऱ्या या बाईची डॉक्टरच्या नावाने मात्र पाचावर धारण बसायची. रोज सकाळी एकेक डोळा झाकून ती न्हाणीघरातल्या फरश्यांच्या रेघा बघायची. त्या सरळ दिसायच्या, तरी भीती जात नव्हती.

त्या दिवशी रेषा मोडली तेव्हा तिची नजर सहज पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. मिनिट नुकतंच बदललं होतं. पुढच्या वेळीही तेच. म्हणजे घोडं इथे पेंड खात असेल का? वेळ लिहायला प्रोग्रामने चौकट अर्धी टाकून कोपऱ्यात जायचं, साधी अक्षरं लावायची, लिहून परत यायचं. परत आल्यावर जागा बरोबर सापडत होती. पण आधी कुठला संच लावला होता, ते आठवत होतं का?

तिने आज्ञा हातानेच टाइप केल्या. अर्धी चौकट काढली आणि हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत बसली. मिनिट बदललं. तिने उरलेली चौकट पाठवली. रेषेपुढे क्यूंची रांग उभी राहिली, आणि पडदा नव्याने रंगवणारं कोणी नसल्याने तशीच राहिली.

तिने प्रोग्रामरला बोलावलं. "काय दिसतंय ते वाच."

"क्यू, क्यू, क्यू..."

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. मग त्याने कबूल केलं की आपल्याकडचं घड्याळ तो बंदच ठेवतो; वेळ दिसली की घरी जावंसं वाटतं. "चूक माझीच. उगाच तुमच्या चष्म्यावर गेलो. दुरुस्तीला दोन दिवस लागतील, मॅडम."

"चार घे," भिंगबाई म्हणाली. एकोणीस वर्षांत तिने कुणाला दिवस वाढवून दिल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

तिचा जीव भांड्यात पडला होता. जिन्यात जाऊन तिने बहिणीला फोन लावला.

"ताई, रेषा खरंच मोडतेय गं. इथे सगळ्यांना मोडलेलीच दिसतेय."

बहिणीला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे, पण एवढं लगेच कळलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती दटावून म्हणाली, "तरी डॉक्टरकडे जाऊन ये."

"उद्याच जाते," भिंगबाई म्हणाली. हे ती याआधी चारदा म्हणाली होती. या वेळी तिने फोन ठेवला आणि लगेच डॉक्टरचा नंबर लावला.