खोका न फोडता

एअर कॉम्प्रेसर निवडायला मला एकवीस दिवस लागले. मला निवडायला बायकोला एक दुपार पुरली होती, असं ती येईल त्याला सांगते आणि वर म्हणते, तिथेच चुकलं.

त्याचं असं झालं. आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, सनीव्हेलला आले होते. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसल्या बसल्याच त्यांनी जाहीर करून टाकलं, की ही शेवटची खेप, गुडघे आता एवढा प्रवास करू देत नाहीत. मग आम्ही ठरवलं, आठ दिवस मोटरहोम भाड्याने घ्यायचं आणि त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचं. मोटरहोम म्हणजे आत पलंग, शेगडी आणि संडास असलेली बस. त्यातला संडास बाबांच्या गुडघ्यांना फार पसंत पडला. बाकी दरीबिरी बघण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. "मागे जोड टायर आहेत का?" एवढंच त्यांनी विचारलं.

कारण बाबा बसडेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आणि तेही टायर सेक्शनमधून. तिथे नवा जॅक आला, नवा पाना आला, की तो आधी बाबांच्या ताब्यात जायचा. ते त्याला दोन-चार दिवस राब राब राबवायचे आणि मन भरलं तर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याच्यावर 'पास' असं लिहायचे. नाही भरलं तर तो आल्या पावली परत. ही खोड त्यांनी घरीही आणली. आमचा कुकर पास होता, शिडी पास होती, आईचं शिलाई मशीन पास होतं. बुडाशी नाहीतर पाठीमागे, पांढऱ्या रंगात, डावीकडे जराशी कललेली दोन अक्षरं.

मी आणलेल्या एकाही वस्तूवर ती कधी उमटली नाहीत. पहिल्या पगारातून मिक्सर नेला, तर म्हणाले, आवाज फार करतो. अरे, मिक्सर आहे, तो काय कुजबुजणार? पुढे पाणी शुद्ध करायचं यंत्र नेलं, मग गुडघ्यांसाठी मसाज मशीन. सगळं वापरलं, पण अक्षरं नाहीत. मी पंचेचाळिशीचा माणूस, नव्या चिपमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतो, हाताखाली बारा इंजिनियर आहेत, आणि मला बापाकडून दोन अक्षरं हवी होती. हसायचं तर हसा. ट्रिपमध्ये टायरला हवा भरायला कॉम्प्रेसर घ्यायचा होता, म्हणजे थेट त्यांच्या खात्यातला विषय. इथे नाही मिळालं तर मग कुठेच नाही.

म्हणून मी स्प्रेडशीट केली. आपल्या साध्या गाडीला पस्तीस पौंड हवा पुरते, मोटरहोमच्या मागच्या टायरना ऐंशी लागते. सिगारेट लायटरच्या भोकात वायर खुपसायचे जे छोटे पंप मिळतात, त्यांना साठच्या पुढे धाप लागते. म्हणजे बॅटरीला थेट चिमटे लावायचा हवा. पाइप मागच्या चाकापर्यंत पोचायला हवा. सलग किती मिनिटं चालतो आणि मग किती वेळ थंड व्हायला लागतो, तेही बघायचं. मी रात्रंदिवस लोकांचे रिव्ह्यू वाचले. एका गृहस्थाने खोका ओला आला म्हणून एकच तारा दिला होता. त्याचाही मी कॉलम केला.

शेवटी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं. ही माझी चूक, मान्य. साठ मेसेज आले. त्यातले चार कॉम्प्रेसरबद्दल होते, बाकीच्यात पुण्याचे आणि नागपूरचे लोक मोटरहोममध्ये पोहे करावेत की सावजी, यावर भांडत होते. मग ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ काकांनी निकाल दिला: "अरे यार, एवढं टेन्शन कशाला घेतोस? आण, ट्रिप कर, परत देऊन टाक."

इथली मोठी दुकानं नव्वद दिवसांत वस्तू परत घेतात, फार प्रश्न विचारत नाहीत. आपल्या लोकांनी त्याचं व्रत करून टाकलंय. आम्ही तंबू परत केलाय, सासूबाई थंडीत आल्या तेव्हा आणलेला हीटर परत केलाय, पोरीच्या वाढदिवसाचा पॉपकॉर्नचा गाडाही परत केलाय. व्रताचे नियम कडक असतात. टॅग कापायचा नाही, थर्माकोल फेकायचं नाही, वायरीभोवतीचे प्लॅस्टिकचे बंद तोडायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठं पुण्य कशात, तर खोकाच न फोडण्यात.

तर मी एकवीस दिवस घासून निवडलेला कॉम्प्रेसर आणला आणि खोका न फोडता मोटरहोमच्या पोटातल्या कप्प्यात ठेवून दिला.

"चालवून बघितलास?" बाबांनी विचारलं.

"हजारो लोकांनी चांगला म्हटलंय, बाबा."

"त्यातल्या कुणाची नात या गाडीत बसणार आहे?"

मी कप्प्याचं दार लावलं. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की गरज पडली तर आहे, न पडली तर परत.

निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाळवंटातल्या एका कॅम्पग्राउंडवर होतो. मी कॉफी घेऊन बाहेर आलो, तर बाबा पायजमा-बनियनवर, डोक्याला मफलर, हातात शेकोटीचं लाकूड, आणि टायर बडवत गाडीभोवती फिरत होते. धप, धप, धप. शेजारच्या गाडीतलं गोरं जोडपं खुर्च्या टाकून शांतपणे बघत होतं. माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, "डॅड, प्लीज मेक हिम स्टॉप."

"मागचा, आतला, डावीकडचा," बाबा म्हणाले. "बसलाय. हवा कमी आहे."

जोड टायरमध्ये ही एक गोम असते. आतला बसला तरी बाहेरचा भार उचलून धरतो, आणि बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. मला हे माहीत होतं, स्प्रेडशीटमध्येच होतं. पण भाड्याने देणाऱ्या माणसाने सगळं चेक केलंय म्हणून सांगितलं होतं, आणि बाबांच्या दोन्ही कानांत मशीन. मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला दाराची बेल ऐकू येत नाही, टायर कसा ऐकू आला?"

हे मी बोलायला नको होतं. ते रागावले नाहीत. लाकूड माझ्या हातात देऊन म्हणाले, "कानाने कोण ऐकतंय? हाताला कळतं."

मी बडवून बघितलं. मला काहीही कळलं नाही, फक्त कॉफी सांडली.

तरी खोका मी काढला नाही. चार मैलांवर पेट्रोल पंप होता, तिथलं हवेचं मशीन वापरू, असं ठरवून मी हळूहळू गाडी नेली. मशीनचा पाइप टायरला लावला आणि काटा चोपन्नवर जाऊन थांबला. ऐंशीच्या जागी चोपन्न. म्हातारा बरोबर होता. मशीन घरघर घरघर करत राहिलं, पण काटा हलेना, कारण ती मशीनं छोट्या गाड्यांसाठी असतात, त्यांच्यात तेवढा जोरच नसतो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पुढे वीस मैलांवर ट्रकवाल्यांचा पंप आहे. तिथे भरू."

बायको म्हणाली, "अरे, आपल्याकडे आहे ना कॉम्प्रेसर?"

"तो फोडला की परत देताना कटकट."

मी हे खरंच बोललो. साक्षीदार आहेत.

बाबा पुढच्या सीटवरून उतरले. एकेक गुडघा सांभाळत, दाराला धरून, सावकाश. पंपाच्या कडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "मी येत नाही. पोरीलाही उतरव. तुला जायचं तर तू जा."

"बाबा, वीस मैल फक्त."

"या उन्हात टायर फुटला, तर गाडीवाले तो बदलून देतील. नात देतील का बदलून?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. चारचौघांत, पोरीसमोर, बापाने असं बोलावं. आणि त्याच्या पाठोपाठ लाज वाटली, आणि ती रागापेक्षा बरीच मोठी होती. मुलगी उतरली आणि आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. मी कप्प्यातून खोका काढला.

खोक्याची टेप मी नखाने हळूच, फाटू न देता सोडवायला लागलो, तर बाबांनी खिशातून अडकित्ता काढला. सुपारी सोडून त्यांना सहा वर्षं झाली, पण अडकित्ता सुटत नाही. त्यांनी एका झटक्यात टेप फाडली, प्लॅस्टिकचे सगळे बंद कचाकच तोडले आणि थर्माकोल नातीच्या हातात दिलं. माझं व्रत मोडलं.

चिमटे बॅटरीला लावले. पाइप मागच्या चाकापर्यंत आला, वर हातभर उरला. ते बघून बाबा "हं" म्हणाले. मशीन सुरू झालं आणि काटा चढायला लागला. साठ, पासष्ट, सत्तर. चौऱ्याहत्तरवर मशीन अचानक बंद पडलं. एकवीस दिवस, एवढे कॉलम, आणि बापासमोर हे.

बाबांनी मशीनवर तळहात ठेवला. "तापलंय. जळायच्या आधी आपणहून थांबलं. बसू दे त्याला."

दहा मिनिटं आम्ही सगळे मशीनकडे बघत बसलो. मग ते पुन्हा चालू झालं आणि ऐंशीला पोचलं. बाबांनी बोटाला थुंकी लावून ती वाल्व्हच्या तोंडावर फासली. मुलगी म्हणाली, "आजोबा, इट्स सो ग्रोस," पण वाकून बघायला लागली. थुंकीचा एक बारीक बुडबुडा हळूहळू फुगला. पिन ढिली होती, हवा तिथून जात होती. बाबांनी बायकोच्या मेकअपच्या पाउचमधून भुवयांचा चिमटा मागवला, पिन पिळून घट्ट केली आणि पुन्हा थुंकी लावली. आता बुडबुडा नाही.

पुढचे सहा दिवस रोज सकाळी आजोबा आणि नात दोघं मिळून टायर बडवायचे. ग्रँड कॅन्यन बाबांनी पाच मिनिटं बघितलं आणि खोल आहे म्हणाले. परतीच्या वाटेवर बायकोची नेलपॉलिशची बाटली हरवली आणि तिने त्यावरून पोरीला फैलावर घेतलं. पोरगी शप्पथ घेऊन नाही म्हणत राहिली. कॉम्प्रेसरबद्दल बाबा चांगलं-वाईट काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर तो त्यांनी स्वतः पुसून, पाइप गुंडाळून खोक्यात भरला आणि टेप लावली. पंधरा दिवसांनी ते भारतात परत गेले. विमानतळावर मी वाट बघत होतो, काही म्हणतील. ते म्हणाले, "गाडी सावकाश ने."

नव्वद दिवस संपायला दोन उरले, तेव्हा एका संध्याकाळी मी खोका उचलून दुकानात गेलो. वाईट वाटत होतंच. पण पास झालेला नाही तर घरात ठेवून करायचं काय, असंही वाटत होतं.

काउंटरवरच्या बाईने टेप कापली, मशीन बाहेर काढून उलटं केलं आणि विचारलं, "हे काय लिहिलंय?"

बुडाशी मरून रंगाच्या नेलपॉलिशने दोन अक्षरं होती. काना जरा लांब गेला होता. पण डावीकडे किंचित कललेली होती, अगदी कुकरवर आहेत तशी.

मी मशीन तिच्या हातातून काढून घेतलं. तिला वाटलं, आता हा हुज्जत घालणार. ती समजुतीने म्हणाली, काही हरकत नाही, तरी आम्ही परत घेतो.

"नको," मी म्हणालो. "द्यायचा नाहीये."

पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो आणि बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ होती, त्यांचा चहा चालला होता. मला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "बाबा, नेलपॉलिश तुम्ही घेतली होती?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "पांढरा रंग नव्हता तुमच्याकडे."