कोपीला घरनंबर नसतो

मालननं पत्रात एवढंच लिहिलं होतं, "चार दिवस ये, आणि माझ्याबरोबर हिंड." मालन माझी शाळेतली मैत्रीण. नव्वदच्या दशकात ती शेळगावच्या बाजूला नर्स होती. मला तेव्हा पाचवा महिना लागलेला. "एसटीनं? या दिवसांत?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र जा म्हणाले, फक्त जड काही उचलू नका. मग काय, मी पिशवी भरली.

स्वारगेटहून बारामती तीनेक तास. स्टँडसमोर गरम भजी आणि चहा घेऊन टाका, पुढं कधी काय मिळेल सांगता येत नाही. उसाच्या हंगामात जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या मागं भवानीनगरपर्यंत आमची एसटी वरातीसारखी चालली.

दुसऱ्या दिवशी मालननं आपलं रजिस्टर दाखवलं. प्रत्येक गरोदर बाईचं नाव घरनंबराप्रमाणे, सुवाच्य अक्षरात. शिवारात ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, होत्या, त्यांतली एकही बाई त्यात नव्हती.

"मी म्हणायचे, येतच नाहीत गं त्या," मालन म्हणाली. "माझा दवाखाना उघडतो तेव्हा त्या फडात, त्या परततात तेव्हा माझं कुलूप. कशा येणार? चुकलं माझंच." तिनं बीपीचं यंत्र पिशवीत टाकलं आणि आम्ही थेट उसाच्या फडात गेलो.

तिथं बीडकडची काशी भेटली. माझ्याच वयाची, आठवा महिना, डोक्यावर उसाची मोळी. पाय सुजून टम्म झालेले. मालननं तिला बांधावर बसवून बीपी मोजलं. पुन्हा मोजलं.

"डोकं दुखतं?"

"व्हय. डोळ्यापुढं अंधारी बी येती."

"आजच बारामतीला न्यायचं. नाहीतर बाळही जाईल आणि हीही."

मुकादम आडवा आला. "बाई, नवरा-बायको मिळून एक कोयता. ही गेली तर आर्धाच ऱ्हायला की. गाडी कशी भरायची?"

"उद्याच्याला जाते, नर्सबाई," काशी पुटपुटली. "आज खाडा पडंल, पैसं कापतील."

माझं डोकंच फिरलं. "मला डॉक्टर पिशवी उचलू देत नाहीत, आणि हिच्या डोक्यावर मोळी!"

"तुमचं येगळं हाय, ताई," मुकादम म्हणाला.

"काय वेगळं आहे?"

साळूआत्या नावाच्या म्हाताऱ्या बाईनं आपली मोळी मुकादमापुढं टाकली. "तात्या, हिच्या मोळ्या आमी सगळ्या मिळून बांधतो. गाडी भरंल. पर हिचा खाडा लावायचा न्हाय." बाकीच्या बायाही कोयते थांबवून उभ्या राहिल्या. मुकादमानं एकेकीकडं पाहिलं आणि "न्या," म्हणाला.

बारामतीकडं जाणारी दुधाची गाडी मिळाली. दुधाच्या कॅनांच्या मधे काशी माझा हात धरून बसली. दवाखान्यात केसपेपरसाठी पत्ता विचारला, तेव्हा मालननं स्वतःच्या घराचा सांगितला. काशीला लगेच दाखल करून घेतलं.

परत आल्यावर मालननं रजिस्टरात नवं पान आखलं. घरनंबराच्या रकान्यात लिहिलं, 'कोपी'. आणि संध्याकाळी कोप्यांवर जायचा वार ठरवून टाकला.

मी पुण्याला परतले. तपासणीच्या दिवशी मालनचं पत्र आलं: काशीला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, खाडा लागला नाही. कोप्यांवर आता सात नावं आहेत, बीपीचं यंत्र मात्र एकच.

डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. "सगळं छान आहे." मला बरं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

"डॉक्टर, तुमच्याकडं एखादं जुनं यंत्र पडलंय का?"

ते हसले. "तुम्हाला कशाला? तुमचं बघायला मी आहे ना!"

"म्हणूनच मागतेय," मी म्हटलं.