भोंगाकाकांचा प्रश्न

भोंगाकाका हळू बोलले असं आमच्या गल्लीत कोणी कधी ऐकलं नव्हतं. "चहा ठेव वं," असं त्यांनी काकूंना सांगितलं की चार घरांतल्या बायका आपापल्या चुलीकडे बघत. नागपुरातल्या एका कापडगिरणीत ते विणकर होते. शेकडो मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढली की आवाज तसाच होतो. गिरणीचा भोंगा दिवसातून तीनदा वाजतो, आपला दिवसभर, असं माझी आई म्हणायची. नाव तिथूनच पडलं.

त्या खडखडाटात ओरडूनही भागलं नाही की विणकर नुसते ओठ हलवून बोलत आणि समोरच्या मागावरचा माणूस ते वाचत असे. काकांनी ही बोली मला हौसेनं शिकवली. मी तेव्हा कॉलेजात होते. ते त्यांच्या ओट्यावर, मी आमच्या खिडकीत. भाजी कोणती इथपासून आईचा राग उतरला की नाही इथपर्यंत सगळ्या बातम्या रस्त्यावरून बिनआवाजाच्या जात. सगळ्या गल्लीला कान असून उपयोग नव्हता, याची आम्हाला भारी मजा वाटे.

कोणी रडगाणं घेऊन आलं की काका शेवटपर्यंत ऐकून घेत. मध्ये बोलणं नाही, उपदेश नाही. सगळं सांगून झालं की विचारत, "मंग, उद्याचं काय?" मला या प्रश्नाचा फार राग यायचा. नापास झाले तेव्हा डोळे सुजवून त्यांच्याकडे गेले, तर हेच!

मग गिरणी बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत कामगार रोज फाटकाशी जाऊन बसत. काकाही डबा घेऊन जात, तिथेच खात आणि परत येत. असा महिना गेला. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे कढीपत्ता मागायला गेले होते. काकूंनी त्यांच्या हातातून डबा घेतला.

"आज काय झालं जी?"

"काही नाही. बसलो होतो."

काकूंनी डबा खाली ठेवला. "मंग, उद्याचं काय?"

पुढचे दोन दिवस त्या घरातून आवाज आला नाही. त्या शांततेची मला खरोखर भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी, भर एप्रिलात, ते आमच्याकडे आले आणि आमच्या कूलरसमोर हाताची पाठ धरून उभे राहिले. "हवा कोरडी येऊन राहिली वं. पाणी एकाच कोपऱ्यातून उतरून राहिलं." हवा कोरडी पडली की मागावरचं सूत तुटतं, म्हणून ओलावा हातावर ओळखायची त्यांना सवय होती. त्यांनी पन्हाळीची भोकं सारखी केली, जाळीतला वाळा काढून पुन्हा पातळ, एकसारखा भरला. तासाभरात खोली गार झाली. नागपूरच्या उन्हाळ्यात हे ज्याला जमतं त्याला काम मिळायला हरकत नव्हती.

पण पहिलंच गिऱ्हाईक हुकलं. धरमपेठेतल्या एका वकिलीणबाईंना काकांनी समजावलं, "बाई, पाणी कमी सोडा, वाळा सडून राहिला!" बाईंना वाटलं, हा भांडायलाच आला. शेजारचे दोघे धावत आले. काका हात जोडून परतले. घरी त्यांनी ते हसत सांगितलं खरं, पण कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस अंगणात तांदळाच्या कण्या टाकून हळू बोलायचा सराव करू लागला. चिमण्या उडाल्या, तर आवाज मोठा! गल्ली हसली. मीही हसले, त्याची आज लाज वाटते. काका म्हणाले, "वीस वर्षं ओरडाले शिकलो, आता हळू बोलाले शिकतो. काय बिघडते?" पंधरा दिवसांनी चिमण्या त्यांच्या पायाशी टिपू लागल्या, तसे ते त्याच वकिलीणबाईंकडे पुन्हा गेले. त्या घरचा कूलर पुढे दरवर्षी त्यांनीच भरला. फाटकाशी बसणाऱ्यांपैकी दोघांनाही त्यांनी या कामात ओढलं. इतका धीराचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बऱ्याच वर्षांनी घशाच्या दुखण्यात त्यांचा आवाज पार गेला. मी भेटायला गेले तेव्हा माझी शाळेतली नोकरी सुटून आठवडा झाला होता. घरी सांगायचा धीर होत नव्हता. रोज पर्स अडकवून बाहेर पडायची आणि बागेत बसून परत यायची. पलंगावरून काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि ओठ हलवले, "काय झालं वं?"

मीही आवाज न काढता सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहून घेतलं. मग ओठ हलले. तोच प्रश्न.

काकू शेजारीच होत्या. त्यांना ही बोली कधी आली नाही. काकांचा आवाज असताना गरजच काय होती? "काय म्हणून राहिले वं ते?" त्यांनी विचारलं.

"पाणी मागताहेत," मी म्हणाले.

काकू माठाकडे गेल्या. "उद्या घरी सांगते. मग शिकवण्या सुरू करते," मी ओठांनीच म्हटलं.

काकांनी मान हलवली. "उद्या कायले? आजच सांग."

काकूंनी पेला आणला. तहान नव्हती, गिळताना त्रास होत होता, तरी माझं खोटं सांभाळायला काकांनी ते पाणी घोट घोट करून सगळं संपवलं. मी त्याच संध्याकाळी घरी सांगितलं.